वैशाखात माळ्यावरून उतरवलेली घोंगडी

मित्रांनो, मला पहिल्यांदा हात लावणारा माणूस हात चटकन मागे घेतो. मी टोचते. शिवाय माझ्या अंगाला अजून मेंढीचा वास आहे. या दोन्ही गोष्टींबद्दल मी कधी कुणाची माफी मागितलेली नाही. मी बदनापूरच्या एका घरातली काळी घोंगडी आहे. वयाने मी त्या घरच्या कर्त्या पुरुषापेक्षा मोठी आणि स्वभावाने त्या घरच्या म्हातारीसारखी, म्हणजे संशयी. कुणी गोड बोलायला लागलं की मी आधी विचार करते, याला आता काय हवं असेल?

माझी लोकर टेंभुर्णीच्या माळावर चरलेल्या मेंढरांची. बिरू नावाच्या धनगराने ती कातरली. त्याची नवी नवरी गोपिकाबाई हिने ती पिंजून तिचं सूत काढलं आणि गावातल्या मागावर मी विणली गेले. चिंचोक्याची खळ पाजल्यावर मी फळीसारखी ताठ झाले होते. मला मऊ केलं ते बिरूच्या पाठीने. रानात मी त्याचं अंथरूण होते, पांघरूण होते, आणि थंडीत जन्मलेल्या कोकरांचा पाळणाही होते. कोकरं मला चाटत. माणसांनी माझं तेवढं कौतुक कधी केलं नाही.

पण माझा खरा मान वेगळाच होता. या घराण्यात एक रीत आहे. कुणाला मनापासून काही विचारायचं असलं की मला अंथरतात. विचारणारा भुईवर बसतो, उत्तर देणारा माझ्यावर. माझ्यावर बसून खोटं बोलायचं नाही आणि दिलेला शब्द मोडायचा नाही. लग्नं माझ्यावर ठरली, भावाभावांची मेंढरं माझ्यावर वाटली गेली. बिरूचा धाकटा भाऊ सुग्रीव यानं पोरवयात बकरीचं दूध चोरून पिऊन मांजरावर आळ घेतला होता, तेही माझ्यावर बसल्यावरच बाहेर आलं. इतकी वर्षं माणसं पाहून मला एक कळलं आहे. माझ्यावर बसायची वेळ आली की पुष्कळ लोकांचे गुडघे अचानक दुखायला लागतात.

पुढे बिरू गेला. त्याचा मुलगा शिवशंकर तेव्हा बदनापुरात स्टेशनजवळ विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान चालवत होता. त्याने बापाची मेंढरं विकली. त्या दिवशी अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. व्यापारी खुर्चीवर, शिवशंकर खुर्चीवर. मी आत खुंटीला लटकून वाट पाहत होते, आता मला कुणी उतरवेल, मग उतरवेल. कुणी उतरवलं नाही. गोपिकाबाई दारात उभी राहून खुर्च्यांकडे पाहत होती. नंतर ती मुलाबरोबर बदनापूरला राहायला आली आणि मी माळ्यावर गेले. लिंबाच्या पाल्यात गुंडाळलेली, स्वेटरांच्या पेटीशेजारी.

म्हणून यंदा वैशाखात, अंगाची लाही होत असताना, मला खाली काढलं तेव्हा मी काय समजायचं? या दिवसांत जालना जिल्ह्यात घोंगडीची आठवण कुणालाच होत नाही. मला गच्चीवर उन्हात टाकलं. शेजारी तीन स्वेटर. मी स्वेटर मोजले, घरातली माणसं मोजली. माणसं चार होती.

बेत असा होता. शिवशंकरची मुलगी रेणुका जालन्याला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. हिमाचलातल्या एका राष्ट्रीय उद्यानात रंगीबेरंगी डोंगरकोंबडे पाहायचे, असं तिने कधीपासून मनात धरलं होतं. तिची परीक्षा संपली होती. आई मनीषा शाळेत शिकवते, तिलाही सुट्टी होती. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिकडच्या पायवाटांवरचं बर्फ वितळलेलं असतं आणि पाऊस अजून लांब असतो, म्हणून जाण्यायेण्याचा प्रवास सोडून चारच दिवसांसाठी, पण आत्ताच जायचं. रेणुका तिकडे ज्याच्या घरी उतरायचं होतं त्या माणसाशी फोनवर हिंदीत बोलायची आणि फोन ठेवला की सगळ्यांना सांगायची, रात्री तिथे पाणी गोठल्यागत गार असतं. शिवशंकर घाम पुसत मान हलवायचा. त्याचा विश्वास बसलेला नव्हता, हे मला गच्चीवरूनही कळत होतं.

म्हातारीने एकदाच विचारलं, त्या डोंगरात मेंढरं चारू देतात का. रेणुका म्हणाली, नाही आजी, राखीव जंगल आहे, मेंढरांना बंदी आहे. खालच्या बाजूला गावं आहेत, तिथली कुरणं मात्र कंबरभर गवताची आहेत, मेंढपाळ उन्हाळ्यात कळप घेऊन वर येतात.

"जिथं मेंढराला आत घेत न्हाईत, तिथं पैसे भरून माणूस कशाला जाऊन राह्यला?" गोपिकाबाई म्हणाली. पण कंबरभर गवत म्हटल्यावर तिचा तांदूळ निवडणारा हात क्षणभर थांबला होता. हा हात शिवशंकरनेही पाहिला. मला वाटतं सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

त्या दिवसापासून घरात कूलरचा आवाज वाढला. नवराबायकोला काही बोलायचं असलं की शिवशंकर उठून कूलर मोठा करायचा. त्याला वाटायचं, म्हातारीला ऐकू जात नाही. शब्द ऐकू येत नव्हते हे खरं, पण कूलरचं बटण कधी फिरतं ते तिला बरोबर ऐकू यायचं. बटण फिरलं की ती बोटातला घास तसाच ठेवायची. माझंही तसंच. मला आता गच्चीवरून आणून पुढच्या खोलीत घडी करून ठेवलं होतं आणि तीन तिकिटं निघाली आहेत, हे मला मनीषाच्या फोनवरच्या बोलण्यातून समजलं होतं. चौथ्या माणसाची सोय काय? तेही लवकरच कळलं. एके दिवशी सुग्रीव टेंभुर्णीहून आला, चहा प्याला, माझ्याकडे पाहून म्हणाला की वहिनी चार दिवस आमच्याकडे राहतील, घोंगडीही बरोबर येऊ दे, तिकडे रानात लागते.

मी सुग्रीवला ओळखून आहे. त्याच्याकडे अजून थोडी मेंढरं आहेत आणि एक भलंमोठं कुत्रं आहे. रानात घोंगडी कुणाच्या अंगाखाली जाणार, हे मला सांगायची गरज नव्हती.

गोपिकाबाईला स्वतःची वेगळी शंका होती. चार दिवस म्हणतात, पण हे चार दिवस संपणार कधी? तिने हे कुणाला विचारलं नाही. घरात कुणी नसताना ती माझ्याजवळ आली, माझी घडी उलगडली आणि आत दोन पातळं ठेवली. मग देव्हाऱ्याकडे गेली आणि बिरोबाच्या भंडाऱ्याची छोटी पिशवी आणून तीही माझ्या पोटात सरकवली. हळदीचा तो वास मला चांगला ठाऊक आहे.

मी विचारात पडले. चार दिवसांसाठी पाहुणी जाणारी बाई पातळं नेते, हे ठीक. देवाचा भंडारा नेते का? देवाचा भंडारा घर बदलताना हलवतात. म्हणजे मुलगा आईला टाकून जाणार, अशी शंका जिला होती, तीच आई मुलाला न सांगता घर सोडून जायला निघाली होती. मित्रांनो, मी फार माणसं पाहिली आहेत, पण एकमेकांवर इतका संशय घेणारी आणि इतकं एकमेकांचंच करणारी माणसं मी याच घरात पाहिली.

निघायला दोन दिवस उरले होते. संध्याकाळी शिवशंकर दुकानातून आला, हातपाय धुतले आणि मनीषाला हाक मारत कूलरकडे वळला. बटण फिरलं. गोपिकाबाई उठली, तिने भिंतीवरचं मुख्य बटणच बंद केलं. पंखा, कूलर, सगळं थांबलं. मग तिने मला उचललं. आतल्या पातळांचं बोचकं बाजूला काढून कोपऱ्यात सरकवलं, मला झटकलं आणि फरशीवर अंथरलं. किती वर्षांनी! मी सगळ्या बाजूंनी पसरले. स्वतः ती माझ्यापासून हातभर लांब, नुसत्या फरशीवर बसली.

"बस," ती मुलाला म्हणाली.

शिवशंकर म्हणाला की माय, दिवसभर वाकून कंबर धरली आहे, खुर्चीवर बसतो. तिने माझ्यावर हात थापटला. तो माझ्यावर बसला. त्याला मी टोचले, मला बरं वाटलं.

"तुझ्या बापाची मेंढरं विकली, तवा घोंगडी का अंथरली न्हाईस?"

मला वाटलं होतं ती टेंभुर्णीचं विचारेल. त्यालाही तसंच वाटलं असणार. तो बराच वेळ माझा एक धागा ओढत राहिला.

"अंथरली असती तर तुला विचारावं लागलं असतं," तो शेवटी म्हणाला. "तू नको म्हणली असतीस."

"म्हणलेच असते."

"म्हणूनच."

मग म्हातारीने दुसरा प्रश्न टाकला. मला टेंभुर्णीला कायमची ठेवून राह्यला का?

"न्हाई." आता तो मान वर करून बोलत होता. "चारच दिवस. तुला डोंगरात न्यायची भीती वाटली, खरं सांगतो. रेणुका गवताचं बोलली तवा तुझा हात म्यां पाहिला. तू ती कुरणं बघशील, कळप बघशील, अन् माघारी येणार न्हाईस. आली तरी मनानं तिथंच राहशील. मंग आमच्याकडं कोण राहील?"

गोपिकाबाईने पदर तोंडाशी नेला. हसली की काय, मला खालून दिसलं नाही.

इतका वेळ मनीषा स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. ती आली आणि सासूच्या शेजारी फरशीवर बसली.

"आत्याबाई, आता तुम्ही बसा घोंगडीवर. मी विचारते."

सून सासूला विचारते, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. पण रीत ही रीत. शिवशंकर उठला, म्हातारी माझ्यावर बसली. तिचं वजन मी लगेच ओळखलं. पूर्वीपेक्षा फार हलकं झालं आहे.

"देव्हाऱ्यातला भंडारा कुठं गेला?"

म्हणजे तिलाही शंका होतीच. रोज पूजा तीच करते.

"त्या बोचक्यात," गोपिकाबाई म्हणाली.

"कशाला?"

"टेंभुर्णीला जायचं होतं. तुम्ही नेऊन सोडायच्या आधीच आपण जाऊन राहावं, अन् माघारी येऊ नये. भाऊजीला म्हणून ठेवलं होतं."

शिवशंकर भिंतीला टेकला. रेणुका कधी आली होती कोण जाणे. ती फोन हातात घेऊन म्हणाली, "आजी, उद्या सकाळी तत्काळमध्ये बघते. डबा वेगळा मिळंल, पण पप्पा जागा बदलून घेतील." पप्पांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तिकीट मिळालं. आता शिवशंकरच्या मनात एकच राहिलं होतं. संध्याकाळी त्याने स्वतः मला अंथरलं, फरशीवर बसला आणि म्हणाला, माय, बस आणि सांग, डोंगरातून परत येशील ना?

गोपिकाबाईने माझ्याकडे पाहिलं. मग ती सावकाश वळून माझ्यापासून दूर, फरशीवर जाऊन उभी राहिली.

"येईन की."

"घोंगडीवर बसून सांग."

"गुडघे दुखून राह्यलेत. सारखी उठबस होत न्हाई."

रेणुकाला हसू आवरेना. शिवशंकर रात्रभर कूस बदलत होता.

मित्रांनो, जाण्याआधी तुम्हाला एवढंच सांगते. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला वर्षातून एकदा ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका. पण फार वर्षं घडी करून ठेवू नका. घडीत राहिले की माणसं माझ्यात वस्तू लपवतात. अंथरलं की त्यांना बोलावं लागतं. गवत पाहून म्हातारी काय करेल ते मला ठाऊक नाही. मला फक्त माझी घडी ठाऊक आहे.

आज निघताना तिने मला खांद्यावर टाकलं. एवढ्या उन्हात काळी घोंगडी पाहून शेजारचे दारात आले. शिवशंकर पिशव्या उचलायला म्हणून जवळ आला आणि त्याने हळूच माझ्या घडीत हात घातला. या कोपऱ्यात चाचपलं, त्या कोपऱ्यात चाचपलं. आता तोही माझ्यासारखा झाला आहे. घडीत काहीच नव्हतं, भंडाऱ्याची पिशवीही नाही. त्याचा हात तिथेच थांबला. मग, कुलूप नीट लागलं का बघतो, असं पुटपुटत तो परत घरात गेला.

बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळाला भंडारा लागलेला होता.

गोपिकाबाईने पाहिलं. "कपाळ पूस," ती म्हणाली, "घामानं डोळ्यात उतरंल." आणि रिक्षात आधी चढून बसली.