खरवडलेला कोपरा

योगेंद्रला त्याच्या आईची किडनी बसवून आठ महिने झाले होते, आणि या आठ महिन्यांत त्याच्या बायकोला, कामिनीला, घरातल्या प्रत्येक खाण्याच्या वस्तूची भीती वाटायला लागली होती. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून त्याला चालू असलेल्या गोळ्या रोगाशी लढायची ताकदही कमी करत होत्या. नाशिकच्या डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं : शिळं नको, उघड्यावरचं नको, आणि बुरशी लागलेलं काही असेल तर ते घरातसुद्धा ठेवू नका.

कामिनी देवपुरातल्या एका शाळेत सकाळपाळीला शिकवायची. ती साडेसहाला घराबाहेर पडली की नवऱ्याच्या नाश्त्याचं सासूबाई बघत. वच्छलाबाई मूळच्या पिंपळनेरकडच्या, बोलणंही अजून तिकडचंच. पोराला किडनी द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी विचारलंसुद्धा नव्हतं, की मला पुढे काय होईल. सकाळी सातला त्या त्याला गव्हाच्या ब्रेडच्या दोन स्लाइस तव्यावर शेकून चहाबरोबर देत.

भादव्यातल्या एका शनिवारी कामिनी शाळेतून लवकर आली. भूक लागली होती म्हणून तिने ब्रेडचा पुडा उघडला आणि तिचा हात तिथेच थांबला. वरच्या स्लाइसच्या कडेला पांढरट डाग होते आणि आत बारीक तपकिरी ठिपके. पुडा गुरुवारी आणलेला. त्यातल्या चार स्लाइस योगेंद्रच्या पोटात गेल्या होत्या.

तिने त्याला फोन लावला. तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामावर होता. मला काही झालेलं नाही, उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस, असं म्हणून त्याने फोन ठेवला. पण तिला चैन पडेना. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. तिने पुडा पिशवीत घातला आणि दोन गल्ल्या सोडून, ब्रेड जिथून आणला होता त्या बेकरीत गेली.

बेकरीवाले जीवरामभाऊ या कामात म्हातारे झालेले. ते रागावले वगैरे नाहीत. चष्मा लावून स्लाइस दारातल्या उजेडात तिरपी धरली आणि पांढऱ्या डागावरून कोरडं बोट फिरवलं. डाग पुसला गेला, बोटाला भुकटी लागली.

"हे पीठ आहे, ताई. पाव चिकटू नये म्हणून वरून भुरभुरवतो. आणि हे तपकिरी ठिपके कोंड्याचे, गव्हाचाच ब्रेड आहे ना. बुरशी अशी सपाट नसते. ती लवदार असते, कापसासारखी वर येते, आणि आज एवढी असेल तर उद्या दुप्पट दिसते."

कामिनीने पुड्याला नाक लावून वास घेऊ का असं विचारलं, तर त्यांनी हातानेच अडवलं. बुरशी असली तर वासाबरोबर तीच नाकात जाते, म्हणाले.

तिचा जीव भांड्यात पडत होता, तेवढ्यात जीवरामभाऊ एकेक स्लाइस उलटून बघता बघता तळाशी थांबले. शेवटच्या स्लाइसचा एक कोपरा चाकूने खरवडलेला होता. खळगा पडला होता, आणि खळग्याच्या कडेला हिरवट निळसर लव उरली होती.

"ही मात्र बुरशीच आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "कोणी खरवडलं हे?"

कामिनीला उत्तर माहीत होतं. घरात चाकू धरणारे हात दोनच माणसांचे होते.

वच्छलाबाई ओट्याशी मेथी निवडत होत्या. कामिनीने पुडा समोर ठेवला आणि आवाज न चढवता विचारलं. त्यांनी आधी पुड्याकडे पाहिलं, मग सुनेच्या तोंडाकडे.

"काल सकाळले दोन-तीन स्लाइसले हिरवं दखायनं," त्या म्हणाल्या. "पीठ शे का काय, माले समजनं नही. मी चाकूघाई खरडी टाकं नि भाजीसन दिधी त्याले. एक स्लाइस ऱ्हायनी ती पुडामाच ठी दिधी. अन्न फेकाले मन व्हयनं नही."

कामिनीने तिथूनच नाशिकला फोन केला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. वरचं खरवडलं तरी बुरशीचे धागे आत गेलेले असतात, म्हणाले. बहुतेक वेळा काही होत नाही, पण ताप शंभरच्या पुढे गेला, धाप लागली किंवा खोकला आला तर थेट निघून या. पुडा त्याच क्षणी बांधून घराबाहेर गेला.

मग सुरू झालं वाट बघणं. दिवसातून चार वेळा थर्मामीटर. योगेंद्र हसायचा, पण तोंड उघडायचा. रविवारी अठ्ठ्याण्णव, सोमवारी अठ्ठ्याण्णव. तो साधा खाकरला तरी कामिनी पुन्हा थर्मामीटर आणायची. वच्छलाबाईंनी स्वयंपाकघरात पाय ठेवणंच सोडलं. मंगळवारी दुपारी आकडा शंभर पॉइंट सहावर गेला.

गाडी ठरवून ते तिघं नाशिककडे निघाले. योगेंद्र मागच्या सीटवर डोळे मिटून पडला होता आणि वच्छलाबाईंचा हात त्याच्या कपाळावर होता, ताप बघायला नव्हे, नुसता ठेवलेला. दवाखान्यात त्याला आत नेलं. रक्त, लघवी, छातीचा फोटो. बाहेरच्या बाकावर बसल्यावर वच्छलाबाई बोलल्या.

"मीच त्याले किडनी दिधी, नि मीच त्याले इख चारं."

कामिनीला तीन दिवस त्यांचा राग येत होता. आत्ता तिला फक्त त्यांचे हात दिसले. तिने ते आपल्या मांडीवर घेतले आणि सोडले नाहीत.

संध्याकाळी डॉक्टर आले. छाती स्वच्छ होती, किडनी ठीक काम करत होती. ताप लघवीतल्या जंतुसंसर्गामुळे आला होता, औषधाने उतरेल. ब्रेडशी त्याचा संबंध दिसत नाही, म्हणाले. आणि मग थेट वच्छलाबाईंकडे वळून सांगितलं, की यावेळी निभावलं आजी, पण पुन्हा खरवडून देऊ नका, शंका आली की सगळा पुडा टाका. त्या मान हलवत राहिल्या.

पाच दिवसांनी योगेंद्र घरी आला. सासूबाई त्याचं ताटही वाढेनात. दुसऱ्या दिवशी कामिनीने नवा पुडा आणला, त्यांना खिडकीपाशी बसवलं आणि एक स्लाइस हातात दिली. त्यांनी ती उजेडात तिरपी धरली. बराच वेळ बघितलं. पांढऱ्या डागावर बोट फिरवलं, बोटाची भुकटी पाहिली, आणि तरी स्लाइस सुनेपुढे केली.

"तू बी दख," त्या म्हणाल्या.

कामिनीने पाहिलं, मग तवा तापत ठेवला. स्लाइस मात्र वच्छलाबाईंनीच शेकली.