उजव्या बाहीचा करकोचा

ज्या वर्षी शिंप्याच्या थोरल्या लेकीचे लग्न झाले, त्या वर्षीचा माझा जन्म. मित्रांनो, मी तळहातावर मावेल एवढा एक जुना कापडी बिल्ला आहे. हिरव्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने भरलेला करकोचा ही भारतीय लष्करातल्या एका ब्रिगेडची खूण. लग्नाच्या धांदलीत शिंप्याने आमची जोडी भरली आणि ती एका जवानाच्या दोन बाह्यांवर टाचली गेली.

तो जवान लष्कराची अवजड गाडी चालवत असे. त्याच्या खांद्याशी बसून मी एवढे मोठे डोंगर पाहिले, की आपण केवढेसे आहोत ते मला तिथे कळले. एके दिवशी घाटात गाडी उलटली. दवाखान्यात डॉक्टरांनी त्याची डावी बाही कात्रीने कापली. तिच्याबरोबर माझा जोडीदार गेला.

चालक घरी परतला. एका बाहीचा तो शर्ट विरला, तेव्हा त्याच्या बायकोने मला उसवून बटणांच्या डब्यात ठेवले. पुढे घर बदलताना नोकरीचे कागद गहाळ झाले. मग मेहुण्याला जोर चढला. "दाजी, कसली ब्रिगेड नि कसलं काय! कुठल्यातरी गोदामात गाडी हाकली असेल!" चालक आधी चिडायचा. म्हातारपणी अंथरुणाला खिळल्यावर त्याने बोलणेच सोडले.

हे त्याच्या मुलीला बघवेना. ती मला घेऊन एका घड्याळजीकडे गेली. त्याला लष्करी बिल्ले जमवण्याचा भारी नाद. त्याने डोळ्याला भिंग लावले, आपली वही उघडली आणि मान हलवली.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. माझ्याकडचे सगळे करकोचे डावीकडे बघतात. हा उजवीकडे बघतोय. नकली आहे."

"मग बाबांना काय सांगू?"

घड्याळजीने वही मिटली.

"राहू दे तुमच्याकडेच," ती म्हणाली. "घरी नेला तर मामाला आयतंच मिळेल."

चार दिवसांनी घड्याळजी मला नकली मालाच्या खोक्यात टाकायला निघाला. जाता जाता त्याने मला उलटे केले आणि त्याचा हात थांबला. पुढून माझा रंग उडालेला, मागून दोरा अजून लखलखीत. कडेने सुईची भोके. कापडात घामाची पांढरी रेघ.

"नकली बिल्ला एवढा घालून कोण झिजवेल?" तो पुटपुटला.

त्याने मला आपल्या डाव्या बाहीवर धरून आरशात पाहिले. करकोचा पाठीकडे बघत होता. मग उजव्या बाहीवर धरले. करकोचा समोर बघू लागला.

"अरे देवा! माझ्या वहीत नुसत्या डाव्या बाह्याच आहेत!"

त्याने भिंग काढले आणि मला दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतले. एवढ्याशा चिंधीला कुणी असे धरलेले मी कधी पाहिले नव्हते. भरदुपारी दुकान बंद करून तो चालकाच्या घरी गेला. मेहुणा तिथेच बसला होता.

"दादा, बिल्ला अस्सल आहे. हा उजव्या बाहीचा ना? डावा कुठंय?"

चालकाने डोळे उघडले. किती दिवसांनी त्याचा आवाज फुटला! "तो दवाखान्यात कापला. बाहीसकट."

मुलीने तोंडाला पदर लावला. शेवटी मेहुणा उठला. "दाजी, चुकलो मी. पाणी देऊ?"

"पाणी कसलं देतोस? चहा टाक. साखर जास्त."

मेहुण्याने निमूटपणे चहा टाकला.

मित्रांनो, आमच्यासारखे बिल्ले जमवाल तेव्हा आम्हाला साबणाने घासू नका. घामाचा डाग गेला की आमची साक्ष गेली. आणि वहीत बघण्याआधी, ज्याने आम्हाला अंगावर घातले त्याला विचारा. तो आहे तोवर विचारा.

माझा चालक त्या चहानंतर अकराव्या दिवशी, फेब्रुवारीच्या चार तारखेला, सकाळी सात वाजता वारला.