बापाच्या नावाची मिशी

आमच्याकडे पुरुषाची मिशी एकदाच उतरते, बाप मेल्यावर. दहाव्याला नदीवर न्हावी डोकं भादरतो, मिशी काढतो, आणि त्या कोऱ्या ओठावरून वाटेत भेटणाऱ्यालाही कळतं की याच्या डोक्यावरचं छत्र गेलं. बाप जिवंत असताना मिशी काढणं म्हणजे त्याच्या मरणाची वाट बघणं. आमच्या शेंबड्या पोरांनाही हे ठाऊक असतं. अंबरनाथच्या औषधाच्या कारखान्यातल्या श्यामकांत साहेबांना ते ठाऊक नव्हतं, आणि सांगितलं तर ऐकायचंही नव्हतं.

माझ्या नवऱ्याचं नाव हरिचंद्र. तेव्हा मी ते तोंडातून काढत नसे. आता म्हातारी झाले, कोण काय करणार आहे माझं! तो त्या कारखान्यात बाटल्या भरायच्या खात्यात होता, हंगामी. दिवाळीला कायम करू असा शब्द मिळाला होता, आणि कायम झालेल्याला कारखान्याच्या चाळीत खोली मिळायची. मला ती खोली हवी होती. बदलापूरजवळच्या शिरगावात सासऱ्याच्या शेतात राबायचं, त्याच्या शिव्या खायच्या आणि लुगडं फाटलं की त्याच्याच तोंडाकडे बघायचं, याचा मला वीट आला होता. सासरा म्हणजे भगवंत. नाव देवाचं, आणि तोंड उघडलं की समोरच्याची सात पिढ्यांसकट आरती.

छप्पन्न सालच्या पावसाळ्यात श्यामकांत साहेब नवे मॅनेजर म्हणून आले. कुठल्याशा बाटलीत केस सापडला, आणि साहेबांनी हुकूम काढला. भरणा खात्यात कुणाच्या अंगावर गंडा नको, ताईत नको, माळ नको, तोंडावर दाढी नको की मिशी नको. फाटकाच्या आतच न्हावी बसवला. उल्हासनगरच्या कँपातली सिंधी पोरं हसत त्याच्यापुढे बसली. "अरे यार, बाल ही तो है, फिर आ जाएगा," त्यातला एक हरिचंद्रला म्हणाला. पण हा रांगेतून निघाला आणि साहेबांसमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, माजा बापूस जिता हाय."

"मग अभिनंदन!" साहेब म्हणाले. सगळं खातं हसलं.

"तसा नाय, साहेब. बापूस जिता असताना आमी मिशी काढत नाय. मी तोंडाला फडका बांधतो. केस पडनार नाय."

"आज तू फडकं बांधशील, उद्या दुसरा पागोटं घालून येईल. माझेही वडील आहेत. मी रोज सकाळी मिशीवर वस्तरा फिरवतो आणि ते ठणठणीत आहेत. उद्या एक तर तुझी मिशी नसेल, नाहीतर तू नसशील."

संध्याकाळी घरी येऊन त्याने मला हे सांगितलं. मी चुलीपुढे होते. म्हटलं, "काढून टाका."

"बापूस काय बोलंल?"

"ते रोजच बोलतात. आज माझ्यावरून, उद्या मिशीवरून. खोली मिळाली की ऐकायला आपण इथं असणार आहोत का?"

मी असंच म्हटलं, आणि आज विचाराल तर आजही तेच म्हणेन.

दुसऱ्या दिवशी त्याने मिशी काढली. बदलापूर स्टेशनवर उतरल्यापासून खांद्यावरचं उपरणं तोंडाशी धरून तो चालत आला. विहिरीवर त्याची आत्या कमळाबाई पाणी भरत होती. भगवंताची ती सख्खी बहीण. "तोंडाला काय झाला रं?" म्हणून तिने उपरणं ओढलं. ओठ दिसला मात्र, बाईने कळशी टाकली आणि ऊर बडवायला सुरुवात केली.

"माजा भाऊस गेला गं! मना न सांगता गेला गं!"

"आत्ये, अगं बापूस बरा हाय!" हा ओरडत होता. पण मिशी काढलेल्या माणसाचं कोण ऐकतं? विहिरीवरच्या सगळ्या बाया तिच्या मागे लागल्या. रडारड करत तो घोळका आमच्या अंगणात शिरला तेव्हा भगवंत ओटीवर दोर वळत बसला होता.

"कोन मेला?" त्याने विचारलं.

बायांचं रडणं जागच्या जागी थांबलं. म्हाताऱ्याने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं, मग मुलाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याच्या हातातला दोर उलगडत गेला.

"मी?" तो म्हणाला. "मी मेलो?"

तो मारेल असं मला वाटलं होतं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो उठला आणि बहिणीच्या घरी निघून गेला. तेव्हापासून घरचा घास त्याने तोंडात घातला नाही. मी ताट घेऊन गेले तर म्हणाला, "मेल्याला ताट वाढत नाय. पिंड वाढ."

एवढ्यावर थांबेल तर तो भगवंत कसला! तो रोज उठून अंबरनाथला जाऊ लागला आणि कारखान्याच्या फाटकासमोर घोंगडं टाकून बसू लागला. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून सांगायचा, "मी हरिचंद्राचा मेलेला बापूस." कामगार हसायचे, कुणी विडी द्यायचे. हरिचंद्र खाली मान घालून त्याच्यासमोरून आत जायचा आणि तशीच मान घालून बाहेर यायचा. पण काम सोडत नव्हता. दिवाळी तोंडावर आली होती. मी मनातल्या मनात खोलीत चूलसुद्धा मांडली होती.

एका सकाळी साहेबांची मोटार फाटकाशी थांबली. मागे साहेबांचे वडील विष्णुपंत बसले होते, कारखाना बघायला आलेले. भगवंत उठून मोटारीपाशी गेला. साहेबांच्या तुळतुळीत ओठाकडे बोट करून अगदी आपुलकीने त्याने विचारलं, "साहेब, तुमचा बापूस कवा मेला?"

विष्णुपंतांनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा पडला. आणि साहेब? रोज वस्तरा फिरवूनही वडील ठणठणीत आहेत म्हणणारे साहेब मोटारीचं दार आपटून खाली उतरले. आमच्या बापाचं मरण खात्यासमोर थट्टेवारी नेलं तेव्हा चाललं, स्वतःच्या बापासमोर विषय निघाला तेव्हा चाललं नाही. त्यांनी तिथल्या तिथे हरिचंद्रला बाहेर बोलावलं.

"या म्हाताऱ्याला घेऊन जा. आणि तूही परत येऊ नकोस."

त्या दिवशी भगवंत आमच्या घरी जेवायला आला. पाटावर बसला आणि म्हणाला, "वाढ गं अंजनी. आता जिता झालो."

मी ताट असं आदळलं की आमटी त्याच्या धोतरावर उडाली. माझी खोली गेली होती. मला त्या माणसाचा इतका राग आला होता की पुढे तो खोकला तरी मी कान देऊन ऐकायची, कधी थांबतोय म्हणून.

हरिचंद्र बदलापुरातच गवताच्या वखारीवर लागला. मिशी परत आली, पहिल्यापेक्षा दाट. बापाशी मात्र तो पुन्हा एक शब्द बोलला नाही. "त्यांना सांग," "त्याला इचार," असे दोघे एका ओटीवर बसून माझ्यामार्फत बोलायचे.

काही वर्षांनी भगवंत खोकून खोकून गेला. हरिचंद्रने अग्नी दिला, सगळं रीतसर केलं. दहाव्याला उल्हास नदीवर भावकी जमली. आम्ही बाया जरा अंतरावर बसलो होतो. न्हाव्याने त्याचं डोकं भादरलं. वस्तरा ओठाशी आला, तेव्हा हरिचंद्रने ओठावर पंजा ठेवला.

"ही नाय."

न्हाव्याला वाटलं, वस्तरा लागला. भावकीतल्यांना कळलं तेव्हा एकच गलका झाला. कुणी हात ओढतंय, कुणी शिव्या देतंय, कुणी वाळीत टाकू म्हणतंय. कमळाबाई उठून त्याच्यापुढे गेली.

"अरं मेल्या, बापूस मेलाय तुजा! कुनासाठी ठेवतोस ती?"

"त्याच्या नावाची काढून झाली, आत्ये," हरिचंद्र म्हणाला. "मेला तो तवाच. तूच तर रडलीस."

मग भांडण आणखी पेटलं.

त्या धांदलीत बाजूला मांडून ठेवलेल्या पिंडाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं. एक कावळा उतरला, त्याने सरळ पिंडात चोच घातली आणि उडून गेला. मिशी नाही, काही नाही, आणि म्हातारा आपला जेवून गेला. मुलावर त्याचा काही राग उरला नव्हता.

भांडण निवल्यावर सगळे कावळ्याची वाट बघत बसले. उन्हं चढली तरी एकही येईना. "बघ, बापूस शिवत नाय," असं जो तो हरिचंद्रला ऐकवत होता, आणि तो नदीकडे बघत बसला होता. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

मी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं असतं, तर तो तिथेच रडला असता आणि बापाला माफ करून मोकळा झाला असता. मला खोली मिळाली नाही. मग भगवंतालाही मी मुलगा मिळू दिला नाही.