हिंटरमूसचं गाढव

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे येशू गाढवावर बसून यरुशलेमात आला त्या सणाला, जो सगळ्यांत शेवटी उठेल, तो त्या वर्षीचं गाढव, ही हिंटरमूस गावाची रीत. दिवसभर टिंगल सोसायची, वर चाकांवरचं लाकडी गाढव पाठीवरच्या लाकडी येशूसकट गावभर ओढायचं. वाल्बुर्गाची झोप कुंभकर्णाची, त्यामुळे हा मान वर्षानुवर्षं तिच्याच वाट्याला. यंदा मात्र काही झालं तरी पहिलं उठायचं, असा तिनं चंग बांधला होता.

पण आदल्या रविवारी पाद्रीबुवांना चित्रकलेचा झटका आला. "जुनी चित्रं बघा," ते प्रवचनात म्हणाले. "गव्हाणीशी बाळाला ऊब कोण देतंय? गाढव. मरियेला इजिप्तला कोण नेतंय? गाढव. अहो, त्याच्या पाठीवर क्रूस उमटलाय! गाढव म्हणजे साक्षात नम्रता. स्वर्गात पहिला मान त्याचा." झालं, सगळ्या गावाला गाढव व्हायचे डोहाळे लागले. वाल्बुर्गा तेव्हा नेमकी डुलक्या घेत होती.

रविवारी ती उजाडायच्या आत देवळाशी हजर. आपण पहिल्या, या आनंदानं तिला रडूच फुटलं. मग वाट पाहिली. ऊन वर आलं तरी चिटपाखरू नाही. शेवटी तिनं घंटा वाजवणाऱ्या बाल्टासरची खिडकी बडवली.

"बाल्टासर, ऊठ की मेल्या!"

"मी झोपलोय," आतून आवाज आला. "पाद्रीबुवा उठले का?"

"नाही."

"मग मीही नाही."

पाद्रीबुवांच्या खिडकीतून घोरणं ऐकू येत होतं, इतकं सुरेल की खोटंच असणार.

दाराशी गाढवावर बसलेला देव ताटकळलेला तिला बघवेना. तिनं दोर खांद्यावर घेतला, गावभर फिरून गाढव चढावर ओढत नेलं. पडद्याआडून सगळं गाव एका डोळ्यानं बघत होतं.

दुपारी भूक अनावर झाली, तसे सगळे एकदमच बाहेर पडले. शेवटचा कोण, यावरून चढावरच हातघाई जुंपली. अखेर पाद्रीबुवांनी निकाल दिला, "शेवटचा काही ठरत नाही. पण आज एकटीच उठून राबली ती वाल्बुर्गा. गाढव तीच!"

"नम्रतेचं गाढव, का नेहमीचं?" तिनं विचारलं.

"नेहमीचं," पाद्रीबुवा म्हणाले, आणि गाव खो-खो हसलं.

वाल्बुर्गाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं हातातला दोर सोडला. गाढव देवासकट उताराला लागलं, आणि झगा गुडघ्यापर्यंत उचलून पाद्रीबुवा, त्यांच्यामागं बाल्टासर, त्याच्यामागं सगळं गाव बोंबलत सुटलं. ती वरून बघत राहिली. एवढी गाढवं एकदम धावताना तिनं जन्मात पाहिली नव्हती.