हाताने लिहिलेलं लेबल

आमच्या साहेबांना दशांश चिन्हाचं वावडं आहे. रस्त्याच्या नकाशात मधल्या रेषेलगत मी कॉम्प्युटरवर अंतराची लेबलं टाकते. १+२४० म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासून एक किलोमीटर दोनशे चाळीस मीटर. रस्त्याखालून पाणी जायच्या एका मोरीच्या लेबलावर १+२३९.८७ आलं, तर साहेब म्हणाले, "हे काय लचांड? गोल कर."

गोल करायची रीतसर पद्धत आहे. लेबलाच्या स्टाइलमध्ये शिरायचं, दशांश काढून टाकायचे, अक्षराचा आकार आणि तिरकेपणा जमवायचा. दहा मिनिटांचं काम. पण ते सगळ्याच लेबलांना लागू होतं, मग भलतंच एखादं लेबल रेषेवर चढून बसतं आणि ते सरकवत बसावं लागतं. मला कंटाळा आला होता. मी त्या एकाच लेबलातला आकडा खोडला आणि हाताने १+२४० लिहिलं. साहेब खूश, मी मोकळी.

पुढच्या आठवड्यात रस्त्याची सुरुवात चौदा मीटर मागे गेली. बाकीची लेबलं आपोआप बदलली, कारण त्यांचे आकडे रेषेवरून येतात. माझं हाताने लिहिलेलं तसूभरही हललं नाही. मोरी आता १+२५४ला हवी होती आणि नकाशा बिनदिक्कत २४० सांगत होता. हे माझ्या गावीही नव्हतं.

जागेवर मोजणी करून खुंट्या मारायचं काम माझ्या बाबांचं. एकाच कंपनीत आम्ही दोघं. ते उन्हात, मी पंख्याखाली. मागच्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून कोणीही उठतो आणि त्यांच्या चष्म्यावर विनोद करतो. मीही करते. त्या दिवशी त्यांनी जागेवरून फोन केला.

"मोरी दोनशे चाळीसलाच ना गं? मला पाणी साचायची खळगी थोडी पुढे वाटतेय."

"नकाशात लिहिलंय ना बाबा. चष्मा पुसा जरा," मी म्हणाले. नकाशा उघडून बघायचेही कष्ट घेतले नाहीत.

त्यांनी खुंटी मारली. तिथे खोदून पाइप टाकले गेले. मग टँकरने मातीवर पहिल्यांदा पाणी मारलं, तेव्हा ते पाइपाला न विचारता पुढे चौदा मीटरवर जाऊन साचलं.

साहेबांनी बाबांना बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही, उलट गोड बोलले. "काका, वय झालं आता. पुढच्या सोमवारपासून स्टोअर बघा. मशीन नव्या माणसाकडे द्या." तीस वर्षं मोजणीचं मशीन खांद्यावर वाहिलेला माणूस 'बरं' म्हणाला. घरी आल्यावर आईला म्हणाले, "साहेबांचं काय चुकलं? डोळेच दगा देतायत." मला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगते, तेव्हाही चूक बाबांचीच आहे असं मला वाटत होतं.

पाचव्या दिवशी दुरुस्तीचा नकाशा काढायला बसले. मोरीच्या लेबलाचा आकडा शेजारच्या आकड्यांशी काही केल्या जुळेना. ते लेबल उघडलं. आत मीच हाताने लिहिलेलं १+२४० होतं.

धावत साहेबांकडे गेले, सगळं सांगितलं. नकाशावर तपासल्याची सही त्यांची होती. तिच्याकडे बघत ते म्हणाले, "आता उकरून काय मिळणार? काका तयार आहेत ना स्टोअरला?"

माझं डोकंच सटकलं. सहीच्या वर बदलांचा तक्ता असतो. तिथे 'किरकोळ दुरुस्ती' लिहून सगळे हात झटकतात. मी लिहिलं, 'मोरीचं लेबल मी हाताने लिहिलं होतं, म्हणून ते बदललं नाही. खुंटी नकाशाप्रमाणेच होती.' पुढे माझी आद्याक्षरं घातली, आणि ठेकेदारापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना तो नकाशा पाठवून दिला.

एक प्रत घेऊन स्टोअरमध्ये गेले. बाबा तिथे मशीन जमा करायला आले होते, त्याची पेटी पुसत होते. त्यांनी तक्ता दोनदा वाचला. मला वाटलं, आता हसतील, निदान सुटल्यासारखं काहीतरी बोलतील.

"मी फोन केला तेव्हा तू नकाशा उघडला नव्हतास?"

"नाही."

त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"पाच दिवस रोज सकाळी तुझ्या आईला खोलीच्या त्या टोकाला डोळे तपासायचा तक्ता धरून उभं करतोय," ते म्हणाले. "रोज मला खालच्या ओळीपर्यंत वाचता येत होतं. तरी मी तुझंच खरं मानलं."