ॲम्प्लिफायरसोबत मालक येतो

चुनीलाल पाटील आणि शब्बीर मिस्त्री यांनी चाळीसेक वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. शहाद्यासारख्या गावात हे सोपं नाही, त्याला शिस्त लागते. चुनीलाल एसटी स्टँडच्या उजव्या अंगाने जात, शब्बीर डाव्या. मयतीला एक जण आधी पोचला तर दुसरा थेट दहाव्याला जाई.

भांडण एका सोलोचं होतं.

कॉलेजात असताना या दोघांनी ‘ब्लॅक कॉटन’ नावाचा रॉक बँड काढला होता. गावच्या काळ्या जमिनीत तेव्हा कापसाशिवाय दुसरं काही उगवत नसल्याने नाव बरोबर होतं. सुरतेच्या स्टुडिओत जाऊन त्यांनी उकाई धरणावरचं एकच गाणं रेकॉर्ड केलं, ‘उकाईचं पाणी’. कॅसेट निघाली आणि कोणीही घेतली नाही. पुढे चुनीलाल केळीत शिरले, शब्बीर फर्निचरात, ड्रमवाला वारला, आणि गाणं सगळे विसरले.

दोन वर्षांपूर्वी स्वीडनच्या कुणा माणसाला ती कॅसेट भंगारात सापडली आणि त्याने ती इंटरनेटवर टाकली. जगाने तिला क्लासिक ठरवलं. खाली कॉमेंटमध्ये मारामाऱ्या सुरू झाल्या: मधल्या सोलोची गिटार कोणती? एकाने आवाजाचा आलेख काढून ती अमेरिकन असल्याचं सिद्ध केलं. दुसऱ्याने त्याच आलेखावरून ती जपानी ठरवली. गाणं म्हणणाऱ्यांचं गाव कुठे आहे, हे कोणीच विचारलं नाही.

आमच्या कॉलेजने मात्र ताबडतोब दखल घेतली. प्रवेशद्वारात काचेचं कपाट करायचं, त्यात ती गिटार ठेवायची, खाली ग्रॅनाइटची पाटी. प्राचार्यांनी पाटी आधीच कोरून आणली होती: ‘याच गिटारवर वाजला उकाईचं पाणीचा अजरामर सोलो. वादक:’ आणि पुढे मोकळी जागा. त्या जागेत कोणाचं नाव, एवढंच ठरवायला समिती नेमली. मी अर्थशास्त्र शिकवतो. पण एकदा स्टाफरूममध्ये कानात इयरफोन घालून बसलेला दिसलो होतो, म्हणून अध्यक्ष मी.

बैठकीला दोघेही आपापली गिटार घेऊन आले आणि टेबलाच्या दोन टोकांना बसले. चुनीलालची लाल, चकचकीत. वडिलांनी कापूस विकून मुंबईहून मागवलेली. शब्बीरची त्याने स्वतः सागवानात केलेली.

“सर, याले सांगा,” चुनीलाल छताकडे बघत म्हणाले, “हाई गिटारनी बैठक शे. पलंग बाहेर ठेव म्हना.”

“पलंगच आहे,” शब्बीर खिडकीला म्हणाला. “पण माझा पलंग वाजतो. सेठची गिटार चाळीस वर्षं झोपलीये.”

“सोलो मन्हा शे.”

“तुझा सोलो म्हणजे दोन सूर. तेही शेजारच्याकडून उसने.”

मी प्रयोगशाळेतल्या मिथुनला बोलावलं होतं. त्याच्याकडे गाण्यातले आवाज सुटे करणारं काहीतरी होतं. त्याने गाणाऱ्यांचे गळे काढले, ड्रम काढले, उरला नुसता सोलो. तो आम्ही सगळ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नागडा ऐकला. प्रत्येक सुराच्या आधी बारीक ‘टक’ असा आवाज येत होता. टक, सूर. टक, सूर. भराभर, गारा पडाव्यात तसा.

“हे टकटक काय आहे?” मी विचारलं.

चुनीलालनी हात वर केला. बोटात पुष्कराज होता. “अंगठी. गिटारच्या दांड्याले लागस.”

“नख,” शब्बीर म्हणाला. “मी नख वाढवायचो. सगळ्या कॉलेजला माहीत आहे.”

“तू नखं वाढाडे ते भांडा धोनं पडे नको म्हनीसन.”

“आणि अंगठी तर तुझ्या लग्नातली. लग्न कॅसेटनंतर झालं, सेठ. जेवायला मला बोलावलं नव्हतंस, तारीख मात्र लक्षात आहे.”

मी म्हटलं, वाजवून दाखवा. दोघांनीही वाजवलं. त्याचं वर्णन मी करत नाही. शिपाई आत येऊन काही पडलं का, विचारून गेला. चुनीलालची टकटक सुरानंतर येत होती आणि शब्बीरकडे टकटक होती, सूर नव्हता. मग दोघांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा एकाच वेळी एकच वाक्य उच्चारलं: “तो आवाज त्या ॲम्प्लिफायरचा होता.”

ॲम्प्लिफायर खापर गावच्या फत्तेसिंग वळवीचा होता. फत्तेसिंगची बेंजो पार्टी तेव्हाही लग्नांत वाजायची. बँडकडे स्वतःचा ॲम्प्लिफायर नव्हता म्हणून सुरतेला त्याचा नेला होता. बेंजो पार्टीवाल्यांची एक रीत आहे: मशीन एकटं कोणाच्या हवाली करायचं नाही. मशीन जाईल तिथे मालक जातो, मशीनशेजारी बसतो, मशीनसोबत परत येतो. कॅसेटच्या कागदावर त्याचं नावही छापलं होतं, ‘ॲम्प्लिफायर सौजन्य’ म्हणून.

मी फोन केला. फत्तेसिंग दुसऱ्या दिवशी आला. आज त्याच्या पार्टीचा ट्रक अक्कलकुव्यापासून गुजरातपर्यंत फिरतो. गळ्यात सोन्याची साखळी, काळा चष्मा. दोन पोरांनी मशीन उतरवलं. एक लांबट पेटी मात्र त्याने स्वतः आणली.

“कोणाची गिटार होती, ते तेवढं सांगा,” मी म्हणालो.

“कोणाचीच नाय,” तो म्हणाला आणि पेटी उघडली. आत बेंजो होता: लाकडी फळीवर तारा, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. मशीनला वायर लावून त्याने डाव्या हाताने बटणं दाबली, उजव्याने तारा छेडल्या. टक, सूर. टक, सूर. संपूर्ण सोलो, शेवटच्या गारेपर्यंत.

हा आवाज मी जन्मापासून प्रत्येक लग्नात ऐकला होता. या जिल्ह्यात त्यावर न नाचलेला माणूस सापडणार नाही. लग्नात ऐकला तर तो बेंजो, स्वीडनहून आला तर गिटार.

“हे दोघं सुरतेला सोलो कोण वाजवणार म्हणून भांडत बसले,” फत्तेसिंग म्हणाला. “स्टुडिओवाला म्हणे निघा आता. मग या चुन्याने मला पडद्यामागे खुर्ची दिली. म्हणे, फत्तू, तूच वाजव काहीतरी.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

“धंदा बसला असता. लग्नाला कोण बोलावतं असलं रॉक-बिक वाजवणाऱ्याला? आता पोरं त्याच्यावरच नाचतात. आता माझं नाव टाका तिथं.”

मी दोघांकडे पाहिलं. शब्बीर खिडकी सोडून चुनीलालकडे बघत होता आणि चुनीलाल छत सोडून शब्बीरकडे.

“पाटीवर गिटार लिहिलंय,” शब्बीर सावकाश म्हणाला.

“बरोबर,” चुनीलाल म्हणाले. “शब्बीरभाई बरोबर बोली ऱ्हायना. हाई गिटारनी समिती शे. बेंजोना इषयच नही.”

चाळीस वर्षांनी ‘भाई’ निघालं. प्राचार्यांना फोन केला. त्यांनी सांगितलं, ग्रॅनाइट पुसता येत नाही. दोन्ही गिटार ठेवा, दोन्ही नावं कोरा, आणि उद्घाटनाला दोघांना तोच सोलो वाजवायला लावा.

फत्तेसिंगने बेंजो पेटीत ठेवला. मला वाटलं, आता शिव्या येतील. तो म्हणाला, “उद्घाटनाला मशीन लागेल ना? आणतो.”

उद्घाटनाला हॉल भरला होता. स्वीडनचा माणूस मोबाइलवरून बघत होता. मी पडद्यामागे गेलो तर तिथे एक खुर्ची होती. चुनीलालनी स्वतः ठेवली होती. शब्बीरने तिच्यावर उशी घातली होती. फत्तेसिंग तिच्यावर बसला होता आणि पेटी त्याच्या मांडीवर होती.

गाणं सुरू झालं. मिथुनच्या लॅपटॉपवर ड्रम वाजत होते. चुनीलाल आणि शब्बीर पहिलं कडवं बरं निभावून नेत होते, कारण ते अवघड नाही. सोलोची जागा जवळ आली. दोघांनी डोळे मिटले, माना मागे टाकल्या, हात गिटारवर फिरवायला लागले.

सोलो आला नाही.

पडदा हलला. फत्तेसिंग खुर्ची ओढत पुढे आला आणि दोघांच्या मधे मांडून बसला. पेटी मांडीवर, बंद. हाताची घडी.

“वाजवा ना,” तो म्हणाला.

ड्रम चालूच होते. लॅपटॉपला लाज नसते. पहिल्या रांगेतले प्राचार्य मान डोलवत होते, बहुधा त्यांना ही नवी शैली वाटली.

“फत्तू, वाजाड ना भो,” चुनीलाल ओठ न हलवता पुटपुटले. “हात जोडस.”

“माइक तुझ्यासमोर आहे. सोलो कोणाचा, ते त्यात सांग. लगेच वाजवतो.”

चुनीलालनी माइककडे पाहिलं. मग शब्बीरकडे.

“तू सांग,” चुनीलाल म्हणाले.

“मी का? खुर्ची तू दिली होतीस.”

“उशी कोनी घाली?”

हे सगळं माइकमध्ये गेलं. हॉलमध्ये कोणीतरी हसलं. फत्तेसिंगने दोघांना पुरेसा वेळ दिला. मांडवात अडून बसलेल्या नवरदेवाला वरमाय देते तितका. मग तो उठला आणि मशीनचं बटण बंद केलं. दोन्ही गिटार जागच्या जागी लाकूड झाल्या. त्याच्या पोरांनी मशीन उचललं, पेटी त्याने स्वतः घेतली, आणि मधल्या वाटेने सगळे बाहेर पडले. जाताना कपाटापाशी थांबून त्याने पाटी नीट वाचली.

“अक्षर छान आहे,” तो मला म्हणाला.

रात्री स्वीडनच्या माणसाने कॉमेंटमध्ये विचारलं, सोलोच्या जागी शांतता का होती? त्याला तासाभरात दोन उत्तरं आली. एकात लिहिलं होतं की शब्बीर चुकला. दुसऱ्यात चुनीलाल.

हल्ली दोघंही स्टँडच्या आपापल्या अंगाने जातात. कॉलेजसमोरून मात्र दोघांपैकी कोणीच जात नाही.