अंगठ्यामागचा खळगा

ताहेरा परकार रत्नागिरीला बारा वर्षं हाडांच्या वॉर्डात सिस्टर होती. लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर, ओवैसबरोबर, बहरीनला आली. १९९३ साली ओवैस हार्ट अटॅकनं गेला. तो ज्या विमा कंपनीत क्लार्क होता, तिथल्या साहेबांनी तिला क्लेम विभागात घेतलं, कारण डॉक्टरांचे रिपोर्ट वाचून समजणारं तिथं कोणी नव्हतं. मूलबाळ नव्हतं. परत जायचं तर दिराच्या घरात राहावं लागणार, म्हणून ती नईम वस्तीतल्या, ओवैसबरोबर थाटलेल्या त्याच दोन खोल्यांत राहिली.

अपघातात कोणाला लागलं की फाइल तिच्या टेबलावर येई. इजा किती, बरं व्हायला किती दिवस, अपघाताशी ती जुळते का, हे पानभर लिहून द्यायचं. पाय, बरगड्या, माना, सगळं कागदावर. माणूस कधी समोर येत नसे. वॉर्डात दिवसाला चाळीस माणसांना तिचा हात लागायचा. इथं बेकरीत खुबूस रोटी घेताना कोणाची बोटं लागली तर तेवढीच. हे एकदा तिच्या लक्षात आलं आणि मग डोक्यातून जाईना.

१९९६च्या फेब्रुवारीत महादेवची फाइल आली. जिदहफ्स गावातल्या फर्निचर वर्कशॉपमधला सुतार, वय चौतीस. सात आठवड्यांपूर्वी वर्कशॉपच्या व्हॅनला मागून गाडीनं ठोकलं, तेव्हा तो पुढच्या सीटवर होता आणि त्यानं तळहात समोर टेकला होता. ठोकणाऱ्या गाडीचा विमा ताहेराच्या कंपनीचा. रिपोर्ट असा: उजवं मनगट मुरगळलं, एक्स-रे नॉर्मल, आठवडाभर विश्रांती. साहेबांची चिठ्ठी वर होतीच, क्लोज करा.

ती लिहायला बसलीही. पण शेवटच्या पानावर महादेवची स्वतःची एक ओळ होती, ‘अजून हातोडी धरवत नाही.’ आणि एक्स-रे एकच, अपघाताच्या दिवशीचा. मनगटात अंगठ्याच्या बाजूला काजूएवढं एक हाड असतं. ते मोडलं तर पहिल्या दिवशी फोटोत बरेचदा दिसत नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा काढावा लागतो. तो कोणी काढला नव्हता.

“क्लेमवाल्यांना आपण भेटत नाही, सिस्टर,” साहेब म्हणाले.

“रिपोर्ट अपुरा आहे. मी सही कशावर करू?”

साहेबांनी भेटीला दहा मिनिटं दिली.

महादेव आला तो उजवा हात मांडीवर झाकून बसला आणि हिंदीत बोलू लागला. तिनं विचारलं, “गाव कुठचं?”

“गुहागरकडचं. पालशेत.”

“मी रत्नागिरीची.”

“मग ताई म्हणतो,” तो म्हणाला आणि जरा सैलावला.

तिनं त्याचा हात हातात घेतला. अंगठ्याच्या मुळाशी मागच्या बाजूला खळगा पडतो, तिथं बोट दाबलं. त्याचा श्वास अडकला.

“दुखतं?”

“थोडं.”

“थोडं नाही.”

त्यानं दाराकडे पाहिलं. “ताई, मुरगळलं एवढंच राहू दे. हाड मोडलंय म्हटलं तर मालक विसा कॅन्सल करील. आता डाव्या हातानं पॉलिश मारतो. भागतंय.”

“त्या हाडाला रक्त एकाच टोकाकडून जातं. असंच ठेवलं तर अर्धं हाड मरेल. दोन वर्षांत मनगट आखडेल, मग गावालासुद्धा रंधा धरता यायचा नाही.”

“दोन वर्षं तर मिळतील.”

हात अजून तिच्याच हातात होता. तो मग बायकोचं, लक्ष्मीचं, बोलला, दुसरीत गेलेल्या मुलीचं, अपेक्षाचं बोलला. ताहेरा कितीतरी महिन्यांनी एवढी मराठी बोलली. उठताना तो म्हणाला, “शुक्रवारी मी नईमला येतो, बाजाराला.”

“या चहाला,” ती म्हणाली.

तो खरंच आला. दार उघडं ठेवून दोघं बसली. तिच्या कपाटाचं दार खाली आलेलं पाहून त्यानं डाव्या हातानं बिजागरी नीट केली. स्क्रू पिळताना दोनदा उजवा हात पुढे गेला आणि दोन्ही वेळा त्यानं तो मागे घेतला. फाइलचा विषय कोणीच काढला नाही. तो गेल्यावर तिला कळलं, की फाइल बंद केली तर हा पुढच्या शुक्रवारीही येईल. स्वतःच्या या विचाराची तिला लाज वाटली.

शनिवारी तिनं लिहिलं: हाड मोडल्याचा संशय, पुन्हा एक्स-रे काढावा.

फोटोत रेघ स्पष्ट दिसली. ऑपरेशन करून स्क्रू बसवला. क्लेम पास झाला, आणि ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी मालकानं विसा कॅन्सल केला.

ती हॉस्पिटलात त्याला भेटायला गेली. महादेव छताकडे बघत होता.

“मी सांगितलं होतं, ताई.”

“हो. सांगितलं होतं तुम्ही.”

बोटं सुजली होती. तिनं उशी घेऊन हात उंचावर ठेवला. त्यानं ठेवू दिला. एप्रिलमध्ये तो गावी परत गेला. निघताना नईमला आला नाही.

वर्षभरानं शेवटचा रिपोर्ट चिपळूणच्या डॉक्टरांकडून फाइलला लागला. हाड जुळलं आहे, पकड चांगली, रुग्ण सुतारकाम करतो. तिनं तो दोनदा वाचला, आपलं पान लिहिलं आणि फाइलमधला पत्ता उतरून घेतला. क्लेमवाल्यांना पत्र लिहायचं नाही असा नियम होता. तिनं घरी बसून लिहिलं, हाताची चौकशी केली, अपेक्षा कितवीत आहे ते विचारलं आणि पोस्टात टाकलं.

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं तरी असेल, असं ती धरून चालली.